नायकाचा डावा हात

एखादा बोलपट कसा आहे, असं मला कुणी विचारलं, की मी आधी त्यालाच विचारतो, तुम्ही कुठं बसून पाहणार आहात? लोकांना वाटतं, मास्तर तिकिटाच्या दराची चौकशी करतायत. तसं नाही. जागा कळल्याशिवाय बोलपटाविषयी अवाक्षर काढायचं नाही, हे मी माझ्या मेहुणीच्या सोयरिकीत शिकलो, आणि ते शिक्षण मला बरंच महागात पडणार होतं.

बोलपट नुकतेच कुठं बोलायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळणे, मौत का कुआँ आणि रेवड्यांची दुकानं यांच्या जोडीला त्या वर्षी एक बोलपटाचा तंबू आला होता. खेळ प्रेमाचा आणि गाण्यांनी ठासून भरलेला. त्याचं नाव मी सांगत नाही. त्यातला नायक अजून कामं करतो, आणि त्याच्या हातांविषयी आणखी चर्चा व्हावी अशी माझी इच्छा नाही. पहिल्याच दिवशी मी तो पाहिला आणि गावातल्या एका साप्ताहिकात त्यावर अभिप्राय लिहिला. नायकाचं काम भारदस्त आहे. नायिकेचा आवाज मात्र कोता, तोंड पुष्कळ हलतं पण कानापर्यंत फारसं काही पोचत नाही, असा माझा निवाडा होता. छापणाऱ्यानं खाली माझ्या नावाऐवजी ‘एक रसिक’ एवढंच टाकलं. ती चूक मी गल्लीत घरोघर हिंडून दुरुस्त केली.

तेव्हापासून मी बोलपटातला जाणकार ठरलो आणि इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.

माझ्या पत्नीची, बसव्वाची, धाकटी बहीण निंगव्वा त्या वेळी लग्नाची होती. सासूबाई सावित्रम्मा तिला घेऊन अक्कलकोटकडून गड्ड्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. आदल्या वर्षी एका घरच्या मंडळींनी निंगव्वाला पाटावर बसवून पाहिलं होतं. चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, दोन वेळा हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, मागून घेतली आणि निघून गेले ते पुन्हा उत्तर नाही की निरोप नाही. त्यावर निंगव्वानं आईला सांगून टाकलं, की आता मी पाटावर बसणार नाही. सासूबाईंनीही सांगून टाकलं, की मग चनबसप्पांना हो म्हणते. हे चनबसप्पा बिजवर, त्यांची थोरली मुलगी निंगव्वाच्याच वयाची. त्यांनी मुलगी बघायचीही मागणी केली नव्हती. घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. गड्डा आटोपला की सासूबाई त्यांना शब्द देणार होत्या आणि निंगव्वा हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकत होती.

बसव्वानं मला एका बाजूला घेतलं. म्हणाली, अहो, काहीतरी करा. बायकोनं असं म्हटल्यावर जो पुरुष काही करत नाही तो शहाणा, हे मला आता कळतं.

मी बार्शीचं एक स्थळ काढलं. सिद्धलिंगप्पा, भुसार मालाची अडत, खाऊनपिऊन सुखी, आणि मुलगा सोमलिंग अगदी सरळ. त्याला आधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, पण का ते कुणी सांगत नव्हतं. त्यामुळे रीतसर बघण्याचा कार्यक्रम त्यांनाही नको होता. यात्रेत सगळेच येतात, तिथं सहज भेट झाली असं दाखवावं, मुलामुलीनं एकमेकांना पाहावं, पसंत पडलं तर पुढं बोलावं, नाहीतर कुणी कुणाला नाकारलं असं होत नाही. अशी योजना ठरली.

सहज भेट ठरवून आणणं किती कष्टाचं असतं, हे ज्यानं ती आणली त्यालाच ठाऊक. देवळापाशी भेटावं तर गर्दीत कोण कुणाला दिसणार? तळ्याकाठी भेटावं तर सासूबाईंना वारा सोसत नाही. शेजारचे ईरप्पा, ज्यांचा सोड्याच्या बाटल्या भरायचा कारखाना आहे आणि ज्यांच्याकडे बाटल्यांपेक्षा सल्ले जास्त, त्यांनी तोडगा काढला.

‘‘बोलपटाला न्या की,’’ ते म्हणाले. ‘‘देवादिकांचा नको. तितं सगळी हात जोडून बसत्यात, कुणी कुणाकडं बघत न्हाय. तुमी छापलाय तो प्रेमाचा न्या.’’

मला सल्ला पटला, कारण त्यात माझ्या अभिप्रायाचा उल्लेख होता.

तंबूच्या दाराशी दोन्ही मंडळी ठरल्याप्रमाणे अगदी अचानक भेटली. नमस्कार झाले. निंगव्वानं मान खाली घातली, सोमलिंगनं तंबूच्या दोरखंडाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आत बसल्यावर पाहतील. तेवढ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला मॅनेजर पुढं आला आणि म्हणाला, ‘‘बायका पडद्यामागं.’’

मी पहिल्या दिवशी एकटाच गेलो असल्यामुळे ही व्यवस्था माझ्या लक्षात आली नव्हती. तंबू लांबोडका होता. पडदा टोकाला न लावता त्यानं मधोमध टांगला होता, म्हणजे एकाच चित्रावर दोन्ही अंगांनी माणसं बसवता येत. पुढं पुरुष, मागं बायका, त्यांचं दारही वेगळं. मी विचारलं, हा कुठला नियम? तो म्हणाला, वरचा हुकूम आहे. कुणाचा हुकूम? वरचा. मी त्याला समजावलं, की आम्ही एकाच घरची माणसं आहोत. तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात. शेवटी मी सांगितलं, की साप्ताहिकातला तो ‘एक रसिक’ मीच. त्यावर त्यानं मला नीट न्याहाळून सांगितलं, की रसिकांची बसायची सोय अगदी पुढं, जमिनीवर आहे.

आमच्याबरोबर आलेले ईरप्पा माझ्या कानाशी लागून म्हणाले, की मुलगा इकडं, मुलगी तिकडं आणि मधे कापड. मास्तर, तुम्ही तर पसंतीच्या आधीच अंतरपाट धरलात. मी आत शिरलो.

खेळ सुरू झाला. माझ्या एका अंगाला शेंगा फोडणारं एक कुटुंब होतं आणि दुसऱ्या अंगाला सिद्धलिंगप्पा. विड्यांचा धूर पडद्यापर्यंत जात होता. नायिका गायला लागली, की मागचे लोक ‘पुन्हा म्हणा’ म्हणून ओरडत, जणू ती त्यांचं ऐकून पुन्हा म्हणणार होती. दोनदा यंत्राचा पट्टा निसटला. सोमलिंग मात्र मान पुढं काढून एकाग्रतेनं पाहत होता. ज्या मुलानं मुलगी बघायला यायचं, तो नायिकेकडे बघत बसला होता, आणि माझी मेहुणी कापडाच्या पलीकडून नायकाकडे. मी ह्यासाठीच एवढी खटपट केली होती.

खेळ सुटल्यावर बाहेर इतकी रेटारेटी झाली, की कुणाला कुणाचा पदरसुद्धा दिसला नाही. तेव्हा मी सगळ्यांना जेवायला घरी आणलं. पुरुषमंडळी सोप्यात बसली, सासूबाई वडीलपणानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि दोघी बहिणी आत. शेंगाची चटणी, कडक भाकरी, हुग्गी. सोमलिंग फार सावकाश जेवत होता. एकदा त्याच्या हातून हुग्गी ताटाबाहेर सांडली. मला वाटलं, लाजतोय.

सिद्धलिंगप्पा मोठे समंजस गृहस्थ. त्यांनीच विषय काढला, की पोरांनी एकमेकांना पाहिलं नाही ते नाही, पण दोघांनी खेळ तर एकच पाहिला. त्यांना तो कसा वाटला ते ऐकू या, त्यावरून माणूस कळतो. मला ही कल्पना फार आवडली. माझा अभिप्राय ताजाच होता, तो मी सुरुवातीला थोडक्यात सांगितला. सगळे जेवत राहिले.

मग सोमलिंगनं ताटाकडे बघत विचारलं, ‘‘शेवटचं गाणं आमाला नीट ऐकू आलं न्हाय. ती मदीच थांबली का?’’

 आतून निंगव्वाचा आवाज आला.

‘‘थांबली न्हाय. तिचा दम संपला होता. तरी सूर सोडला न्हाय तिनं.’’

सोमलिंगनं मान वर केली. मी सांगणार होतो, की तिचा आवाज मुळातच कोता आहे आणि हे छापून आलेलं आहे. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसलो. काम जमलं होतं. त्याच क्षणी मी सगळ्यांना पान देऊन उठवायला हवं होतं.

सासूबाई बोलल्या.

‘‘गाणारी चांगली हाय की. पर तो पोरगा एडगै.’’ आणि बार्शीकरांना कानडी कळायचं नाही म्हणून त्यांनी आपला डावा हात वर करून दाखवला. ‘‘डावरा हाय. देवळात तीर्थ घेतलं ते डाव्या हातानं. अंगठी घातली ती डाव्या हातानं. तसल्याचं प्रेम खरं कसं असंल?’’

मी हसून म्हणालो, की सासूबाई, तुमची नजर चुकली, त्यानं सगळं उजव्या हातानं केलं. ईरप्पांनी दुजोरा दिला. सोमलिंगनंही मान हलवली. तेव्हा आतून बसव्वा म्हणाली, अहो, डावाच होता, आम्ही सगळ्या बघत होतो, शेजारच्या बायका तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, मी दोनदा पाहिलाय. ती म्हणाली, मग दोनदा चुकलात.

इथंवर सगळं गमतीनं चाललं होतं. पण सिद्धलिंगप्पांचा चेहरा बदलला होता. एका नायकाच्या हातावरून हा माणूस एवढा का तापावा, हे मला कळेना.

‘‘तो डावरा न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आन असला डावरा तर काय माणूस न्हाय व्हय?’’

‘‘माणूस असंल,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पर माज्या उंबऱ्याच्या आत नको. तसल्याला मी शेळी देणार न्हाय, पोरगी तर लांबच.’’

सोमलिंगनं पाण्याचा तांब्या उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. सिद्धलिंगप्पा हात धुवायला उठले ते बसलेच नाहीत. ज्या घरात डावं-उजवं कळत नाही तिथं सोयरीक करायची नाही, एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि बापलेक सात रस्त्याकडे त्यांच्या नातलगाच्या घरी चालते झाले. मुलगी नाकारली गेली, आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातामुळे.

त्यानंतर आमच्या घरात दोन पक्ष पडले. बसव्वा माझ्या ताटात भाकरी वाढताना कोणता हात हे मुद्दाम दाखवू लागली. ती मला म्हणाली, तुम्ही त्या नायकाचे कोण लागता? मी तिला तिच्या पाहण्यातल्या चुका पटवायला गेलो, तर ती म्हणाली, आणि काय हो, तुम्ही म्हणालात बोलपटात काम करणाऱ्यांची नावं नागरीत असतात. सुरुवातीला जी नावं आली ती तर उर्दूत होती. मी कपाळाला हात लावला. नावं मी स्वतः वाचली होती, स्वच्छ नागरीत. बाईमाणसाला बोलपट दाखवून उपयोग नाही, असा एक लेखच मी मनात जुळवला. मास्तर असून मला पुढचं काही सुचलं नाही, याची नोंद इथं करून ठेवतो.

 निंगव्वा आईची लुगडी घडी करून बोचक्यात भरत होती. मी आत गेलो तेव्हा ती बहिणीला विचारत होती, अव्वानं चनबसप्पांकडं निरोप धाडला का? बसव्वा म्हणाली, उद्या धाडणार आहे. निंगव्वानं पुढचं लुगडं घेतलं. माझ्या मनातला लेख तिथंच संपला.

ईरप्पांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, फिरून बघा की, पण जागा बदलून. मी तंबूवर गेलो. मॅनेजरनं आधी वरचा हुकूम सांगितला. मग कळलं, की यात्रा उठण्याआधी खास बायकांसाठी एक खेळ आहे, दिवेलागणीचा. त्या खेळाला बायका पुढं बसणार. आणि सोबत आलेले पुरुष? ते पडद्यामागं, मॅनेजर म्हणाला. हाही वरचाच हुकूम.

सासूबाईंना मी म्हटलं, पुढून बघा आणि खरं काय ते सांगा, तोवर चनबसप्पांना निरोप नको. आपण खऱ्या ठरणार या खात्रीनं त्या तयार झाल्या. मग मी सात रस्त्याला गेलो. सिद्धलिंगप्पा बार्शीला निघायच्या तयारीत होते. मला त्यांनी बसा म्हटलं, पण त्या बसा म्हणण्यात उठा असंच होतं. मी पुष्कळ विनवलं. पोरींची चूक नाही म्हटलं, पुराव्यानिशी वाद मिटवू म्हटलं. ते नाही म्हणतच होते. शेवटी सोमलिंग म्हणाला, ‘‘जाऊ की, आप्पा. गाणं तरी ऐकू येईल.’’

तर अशा रीतीनं एक शाळामास्तर, एक अडत्या, त्याचा मुलगा आणि एक सोडावाला हे चौघे बायकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी, भुश्श्याच्या पोत्यांवर, पडद्याच्या मागच्या अंगाला जाऊन बसले. पलीकडे बायकांचा कलकलाट चालला होता. आत डोकावून एक म्हातारी म्हणाली, अगं बया, बाप्यांना कोंडलंय हितं. माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर आली होती, तिनं मला तिथं नमस्कार केला.

पडदा उजळला आणि नावं आली. मी वाचायला लागलो आणि मला वाचता येईना. ती उर्दू नव्हती. आमचीच नागरी अक्षरं होती, पण सगळी पाठ फिरवून उलट्या दिशेनं चालली होती. थोडा वेळ मी माझ्या डोळ्यांना दोष दिला. मग नायक आला, त्यानं डाव्या हातानं फूल तोडलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कापड पातळ, चित्र आरपार. पुढच्याचं उजवं ते मागच्याचं डावं. कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. मी हे ओरडून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नायिकेनं गाणं सुरू केलं.

आवाजाचा कर्णा पडद्यामागं होता, अगदी आमच्या डोक्याशी. त्या बाईचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. शेवटच्या ओळीत तिचा दम खरोखर संपला होता. आवाज चिरला, अगदी धाग्याएवढा उरला, आणि तरी तिनं तो सुटू दिला नाही. अशा बाईला मी कोता आवाज म्हटलं होतं, आणि तेही शेंगा फोडणाऱ्यांच्या शेजारी बसून. मला फार वाईट वाटलं. आपण किती गोष्टींवर असे निवाडे देतो आणि ते देताना कुठं बसलेले असतो, असा विचार मनात आला. हा विचार मी कुठं छापला नाही, कारण तो चांगला होता.

मी सिद्धलिंगप्पांकडे वळलो. नायक देवळात गेला होता आणि तीर्थासाठी डावा हात पुढं करत होता. सिद्धलिंगप्पांची नजर त्या हातावर खिळली होती. ते मुलाकडे न बघता हळूच म्हणाले,

‘‘ह्यालाबी बापानं मारलं असंल का रं?’’

 सोमलिंगनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. कुठला ते तुम्हाला कळलं असेलच. त्याचं सावकाश जेवणं, सांडलेली हुग्गी, ते दोन नकार आणि बापाचा तो संताप, सगळं मला एकदम उलगडलं, आणि कापडाची युक्ती सांगायची माझी घाई तिथंच विरली.

बाहेर पडलो तर सासूबाई समोरच उभ्या होत्या. त्या बाणेदार बाई. चूक कळली की कबूल करायच्या. त्या म्हणाल्या, ‘‘सावकार, माजंच चुकलं. उजवाच हाय तो.’’

सिद्धलिंगप्पा म्हणाले, ‘‘न्हाय, तुमचंच खरं. डावराच हाय.’’

‘‘उजवा हो. मी आत्ता बघून आले की.’’

‘‘मीबी बघूनच आलो. डावरा.’’

परवा जे भांडण झालं होतं तेच पुन्हा झालं, फक्त बाजू बदलून, आणि आता प्रत्येक जण समोरच्याचं खरं करायला हट्टाला पेटला होता. येणारेजाणारे थांबून ऐकू लागले. मी खुलासा करायला पुढं झालो, तर बसव्वानं माझ्या पायावर पाय दिला. ‘‘नावं नागरीतच होती,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मला कळलंय. तुम्ही गप्प बसा.’’

मी गप्प बसलो, म्हणूनच सिद्धलिंगप्पांना बोलायला जागा मिळाली.

‘‘तो उजवा असंल न्हायतर डावा,’’ ते म्हणाले. ‘‘माजा सोमलिंग डावरा हाय. लहानपणी ह्याचा हात मी करगोट्याला बांधून ठेवायचो. दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्हीकडनं नकार आला. तुमच्याकडं सांगायचं धाडस झालं न्हाय.’’

सासूबाईंचा चेहरा कठीण झाला. त्यांचे परवाचे शब्द, ती शेळी आणि तो उंबरा, सगळ्यांना आठवत होते. सोमलिंग जमिनीकडे बघत उभा होता. मला वाटलं, संपलं आता.

तेव्हा निंगव्वा पुढं आली. तिनं सोमलिंगकडे सरळ पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि मग आईकडे वळली.

‘‘अव्वा, सकाळी पूजेला लिंग कुठल्या तळहातावर घेतीस?’’

सासूबाईंनी आपला डावा तळहात उघडून पाहिला. गळ्यातलं लिंग रोज त्याच तळहातावर ठेवून पूजा करणाऱ्या त्या बाईनं तो असा पाहिला, जणू आजच मिळालाय. मग हात मिटला, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, जावईबापू, सगळ्यांना घरी घेऊन चला, थंडी वाढली.

घरी आल्यावर त्यांनी डब्यातून मूठभर साखर काढली आणि सोप्यात बसलेल्या सोमलिंगपुढं उभ्या राहिल्या. त्यानं सवयीप्रमाणे उजवा हात पुढं केला. सासूबाईंनी मूठ उघडली नाही. तो गोंधळून बापाकडे बघू लागला.

‘‘एडगै,’’ सासूबाई म्हणाल्या, आणि त्यानं दुसरा हात पुढं करेपर्यंत मूठ मिटून उभ्या राहिल्या.